नैमित्तिक कर्म आणि इंजिन ऑइल

मीमांसकांनी कर्मांची वाटणी करताना नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे तीन वर्ग केले. नित्यकर्म रोजचे, संध्येसारखे. केल्याने वेगळे काही पदरात पडत नाही, पण टाळले तर प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. नैमित्तिक कर्माला निमित्त हवे. घरात मूल जन्मले, ग्रहण लागले, की त्या वेळचे जे असेल ते करायचे. निमित्त नसताना केले तर त्याला अर्थ नाही. काम्य कर्म ज्याला फळ हवे त्याचे. नको असेल त्याने ते खुशाल सोडावे. आता गाडीचे इंजिन ऑइल बदलणे यांपैकी कुठल्या वर्गात बसते? बहुतेक गाडीवाले ते नित्यकर्म म्हणून करतात. ठरलेला आकडा आला की कारण न विचारता गाडी गॅरेजला लावायची, आणि आकडा उलटून गेला तर हातून पाप घडल्यासारखी चुटपुट लावून घ्यायची. दुसरा वर्ग काम्यकर्मवाल्यांचा: 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेली सर्वांत महाग बाटली ओतली की इंजिनाला चिरतारुण्य मिळेल, या फलाशेने खर्च करणारा. माझ्या मते ते शुद्ध नैमित्तिक कर्म आहे. अडचण एवढीच की त्याचे निमित्त डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपल्याला कोणाच्या तरी शब्दावर विसंबावे लागते. कोणाच्या शब्दावर, किती आणि कुठवर विसंबावे, हा प्रश्न मेकॅनिकचा नाही, प्रमाणशास्त्राचा आहे. आणि त्यावर नैयायिक-मीमांसकांनी जो खल करून ठेवला आहे तो बाटलीवरच्या मजकुरापेक्षा इथे जास्त उपयोगी पडतो.

आधी निमित्त म्हणजे काय ते पाहू. इंजिन ऑइलमधला मोठा भाग मूळ तेलाचा, म्हणजे बेस ऑइलचा, उरलेला रसायनांचा. धातूवर धातू घासू नये म्हणून त्यात जस्त आणि फॉस्फरसचे संयुग असते. ज्वलनातून येणारी आम्ले मारायला कॅल्शियम-मॅग्नेशियमची क्षारधर्मी द्रव्ये असतात, काजळीचे कण एकमेकांना चिकटून गाळ होऊ नये म्हणून ते सुटे ठेवणारी द्रव्ये असतात, आणि तापल्यावर तेल फार पातळ पडू नये म्हणून पॉलिमर असतात. गाडी चालते तसे हे सगळे खर्ची पडते. क्षार आम्लाशी लढून संपतात, पॉलिमरच्या लांब साखळ्या यंत्राच्या रेट्यात तुटतात, उष्णतेने तेलाचे ऑक्सिडेशन होते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचा वेग साधारण दुप्पट होतो. बाहेरूनही भर पडतच असते. न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरते, ज्वलनातली वाफ थंड इंजिनात पाणी होऊन तेलात मिसळते, एअर फिल्टर चुकवून बारीक धूळ आत शिरते. इंजिन नीट तापून बराच वेळ चालले तर पाणी आणि पेट्रोल उडून जाते; शाळेपर्यंत दोन किलोमीटर नेऊन परत आणलेल्या गाडीत ते उडत नाही, साचत जाते. तेव्हा खरे निमित्त आहे ते राखीव रसायने संपण्याचे, किंवा घाण सोसण्याची तेलाची ताकद संपण्याचे. किलोमीटर ही त्या निमित्ताची दुरून दिसणारी खूण आहे, आणि खुणेलाच निमित्त समजले की कर्माचे कर्मकांड होते.

डोळ्यांना दिसेल तेवढेच प्रमाण मानणारा, चार्वाकमताचा गाडीवाला इथे म्हणेल की खूण कशाला, तेलच बघा. डिपस्टिक काढायची, थेंब बोटावर घ्यायचा, काळा दिसला की तेल बदलायचे. गॅरेजमधला सर्वांत जुना आणि सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद हाच आहे, आणि तो नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचार हेतूचा नमुना आहे: साध्य नसेल तिथेही हेतू आढळतो. डिझेल इंजिनातले नवे कोरे तेल काहीशे किलोमीटरांत काळे होते, कारण काजळी धरून ठेवण्याचे त्याचे काम ते करू लागलेले असते. काळेपणा तिथे तेलाच्या मरणाचा नव्हे, कामाचा पुरावा असतो. उलट, पेट्रोलने पातळ झालेले, क्षार संपलेले तेल मधासारखे स्वच्छ दिसू शकते. रंग दोन्ही बाजूंनी फसवतो. प्रत्यक्ष अगदीच निरुपयोगी आहे असे मात्र नाही. तेलाची पातळी डोळ्यांना दिसते, आणि जुन्या तेलापेक्षा कमी तेल इंजिनाला लवकर मारते. ज्याने वर्षभर डिपस्टिक काढली नाही त्याने सिंथेटिकच्या चर्चेत पडू नये. तेल दुधाळ दिसले तर पाणी किंवा कूलंट मिसळल्याची शंका घ्यायलाच हवी, पेट्रोलचा वास आला तर तोही साक्षीदार आहे. पण तेलात अजून किती दम आहे, हे डोळा, नाक आणि बोट यांच्या कक्षेबाहेर आहे. त्यासाठी अनुमान हवे, नाहीतर शब्द.

शब्दाचा पहिला गुंता निवडीच्या वेळीच सुरू होतो. बेस ऑइलचे पाच गट मानतात. पहिले तीन कच्च्या खनिज तेलापासून, क्रमाने अधिकाधिक शुद्ध केलेले. चौथा पॉलिअल्फाओलेफिनचा, रसायनशाळेत रेणू जोडून केलेला. पाचव्यात एस्टरसारखी इतर सगळी. अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात यावरून वाद झाला: खनिज तेलावर हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून केलेले तिसऱ्या गटाचे तेल 'सिंथेटिक' म्हणून विकावे का? १९९९ साली जाहिरात व्यवसायाच्या स्वनियमन यंत्रणेने, नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग डिव्हिजनने, विकायला हरकत नाही असा निर्वाळा दिला. जर्मनीत मात्र तिसऱ्या गटाला 'पूर्ण सिंथेटिक' म्हणू देत नाहीत. एकच तेल एका देशात सिंथेटिक आणि दुसऱ्या देशात तसे नाही, याचा अर्थ त्या शिक्क्यावर निर्णय टेकवता येत नाही. टेकवायचा तो कसोट्यांवर. दाटपणाचा आकडा, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा, युरोपीय गाड्यांसाठी असीआ संस्थेचा वर्ग, गाडी बनवणाऱ्या कंपनीची मान्यता: ही बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत असतात आणि इंजिनाला तीच कळतात. ०डब्ल्यू, ५डब्ल्यू हे पहिले आकडे गोठवणाऱ्या थंडीतली चाचणी सांगतात. ५डब्ल्यूची थंड इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३० अंशांवर होते, आणि नागपूरच्या कडाक्याच्या थंडीतही पारा तिथून फार लांब असतो. दुसरा आकडा गरम इंजिनातला, तो आपल्या कामाचा. मोटारसायकलीला तर वेगळाच निकष लागतो: तिचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून जासो एमए किंवा एमए२ हा जपानी शिक्का हवा. मोटारीचे घर्षण कमी करणारे उत्तम सिंथेटिक तिच्यात ओतले तर क्लच घसरू शकतो. महाग म्हणजे बरे, या समजुतीला याहून नेमके उत्तर नसेल.

सिंथेटिकमध्ये तथ्य नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. रेणू एकसारखे असल्यामुळे ते उष्णतेत कमी बिघडते, कमी उडते, थंडीत लवकर वाहते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१७ साली पाच साधी आणि पाच सिंथेटिक तेले आठ प्रकारच्या चाचण्यांतून घालवली, तेव्हा सिंथेटिक सरासरी ४७ टक्क्यांच्या आसपास सरस ठरले. टर्बो बसवलेल्या, तापणाऱ्या, सूक्ष्म फटींच्या आजच्या इंजिनांना पुष्कळदा दुसरा पर्यायच नसतो. पण चाचण्यांतला हा सरसपणा तेलाच्या स्वभावाचा आहे. पेट्रोल, पाणी, आम्ल आणि धूळ बाहेरून येतात. ती यायची तेवढी येतात, तेल कितीही कुलीन असो. तेव्हा 'सिंथेटिक आहे, म्हणून दुप्पट चालेल' हे अनुमान तेल उष्णतेनेच मरत असेल तिथे खरे, घाणीने मरत असेल तिथे खोटे. आपले तेल कशाने मरते, हे ज्याने विचारलेच नाही त्याच्यासाठी सिंथेटिक हे काम्य कर्मच राहते.

आता दुसरा गुंता, मुदतीचा. गौतमांच्या न्यायसूत्रांत शब्द हे प्रमाण मानले आहे, पण आप्ताचा शब्द. आणि भाष्यकार वात्स्यायनांनी आप्त कोणाला म्हणावे ते स्पष्ट केले. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ. जातकुळी आणि पदवी यांना या व्याख्येत जागा नाही, दोनच अटी आहेत: जाणणे आणि जसेच्या तसे सांगण्याची इच्छा. अमेरिकेत कित्येक दशके दर ३,००० मैलांना, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरना, तेल बदलण्याचा दंडक होता. जुन्या तेलांच्या आणि जुन्या इंजिनांच्या काळात त्याला आधार होता. तेले सुधारली, इंजिने सुधारली, गाड्यांच्या मॅन्युअलमधले आकडे वर गेले, तरी झटपट तेल बदलून देणाऱ्या दुकानांच्या काचेवरच्या चिठ्ठ्यांमध्ये ३,००० कायम राहिले. कॅलिफोर्नियाच्या कचरा-व्यवस्थापन खात्याला लोकांनी स्वतःच्या गाडीचा आकडा तपासावा म्हणून मोहीम चालवावी लागली. मीमांसासूत्रांच्या पहिल्या अध्यायात नेमका याच रोगाचा विचार आहे. वैसर्जन होमातले वस्त्र अध्वर्यूने, म्हणजे यज्ञ करणाऱ्या ऋत्विजाने, घ्यावे असे एक स्मृतिवचन होते. त्याच्या मुळाशी कुठलेतरी वेदवचन असेल असे मानायचे का? सूत्रांचे भाष्यकार शबरस्वामी म्हणतात, नाही. इथे लोभ हे दिसणारे कारण पुरेसे आहे, तेव्हा न दिसणारे वेदमूल कल्पायची गरज नाही. पुढे मीमांसक कुमारिल भट्टांनी स्मृतींची बाजू सावरून घेण्याचा प्रयत्न केला हे खरे, पण वेदांना अंतिम मानणाऱ्या परंपरेतही वस्त्र कोणाच्या घरी जाते हे विचारून पाहण्याची सोय होती, ही गोष्ट लहान नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो सबळ आहे. स्वार्थ दिसला की शब्द बाद, हा नियम लावायचा तर कोणाचाच शब्द उरणार नाही. तेलवाला तेल विकतो, गॅरेजवाला मजुरी घेतो, आणि गाडी बनवणारी कंपनी तरी निःस्वार्थी कुठे आहे? तिला देखभालीचा खर्च कमी दाखवून गाडी खपवायची असते, आणि इंजिन वॉरंटीपुरते तगले की तिचे काम झाले. म्हणजे एकाचा स्वार्थ लवकर बदलण्यात, दुसऱ्याचा उशिरा बदलण्यात. मान्य. पण शबरांचा युक्तिवाद नीट वाचला तर तो स्वार्थ असेल तिथे असत्य असा नाही; दुसरा कुठलाच आधार सापडत नसेल आणि स्वार्थाने सगळा उलगडा होत असेल तेव्हा आणखी आधार कल्पू नये, एवढाच तो आहे. म्हणून विचारायचे ते असे: हा शब्द चुकला तर बोलणाऱ्याला काही भोगावे लागते का, आणि तो तपासता येतो का? काचेवर चिठ्ठी लावणाऱ्याचे ३,००० चुकले, म्हणजे गरजेपेक्षा कमी ठरले, तर त्याचा फायदाच होतो. कंपनीचा १०,००० चुकला, म्हणजे इंजिने त्याआधीच खराब होऊ लागली, तर वॉरंटीत तिला स्वतःच्या खिशातून इंजिन उघडून द्यावे लागते, शिवाय नाव जाते. तिचा स्वार्थ वॉरंटीच्या मुदतीपर्यंत आपल्या स्वार्थाच्या बाजूने उभा असतो. त्या मुदतीपलीकडे तिचे आप्तत्व पातळ होते, हे आक्षेपकाचे म्हणणे मी मान्य करतो, आणि त्याचा हिशेब पुढे करतो.

मेकॅनिकचे काय? त्याचा शब्द हलका समजणे हा सुशिक्षितांचा उद्धटपणा आहे; त्याने शेकडो इंजिने उघडलेली असतात, गाळाने बुजलेल्या जाळ्या स्वतःच्या हाताने खरवडलेल्या असतात. वात्स्यायनांची पहिली अट तो पुष्कळांपेक्षा चांगली पुरी करतो. उणीव दुसरीकडे आहे. त्याच्याकडे येतात ती बिघडलेली इंजिने. दहा हजारांना तेल बदलून दोन लाख किलोमीटर बिनतक्रार चाललेली गाडी उघडून बघण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. 'उशिरा तेल बदललेली गाडी माझ्याकडे कामाला आली' हे त्याचे प्रत्यक्ष खरे, पण 'उशिरा बदललेल्या गाड्यांचे काम निघते' ही व्याप्ती, म्हणजे सार्वत्रिक नियम, त्यातून निघत नाही, कारण न आलेल्यांची गणती त्याच्या वहीत नाही.

ती गणती एकदा चांगल्या प्रकारे झाली. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकन मासिकाने न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींमध्ये नव्याने बांधलेली इंजिने बसवून प्रत्येकी ६०,००० मैल चालवली, आणि शेवटी इंजिने उघडून झीज मोजली. १९९६ साली निष्कर्ष छापला: ३,००० मैलांना तेल बदललेल्या आणि ६,००० मैलांना बदललेल्या इंजिनांत म्हणण्यासारखा फरक नाही. दंडकाच्या विरोधात हा भक्कम पुरावा आहे, आणि म्हणूनच त्याची उलटतपासणी अधिक कडक हवी. नैयायिक इथे उपाधी शोधतील. 'आग आहे तिथे धूर आहे' ही व्याप्ती खोटी, कारण धुराला आगीबरोबर ओले सरपण लागते. ओलेपणा ही न सांगितलेली अट. न्यूयॉर्कच्या टॅक्सीची न सांगितलेली अट अशी की ती पाळ्यांमध्ये जवळजवळ अखंड चालते. तिचे इंजिन थंड व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून पाणी आणि पेट्रोल तेलात साचत नाही. तिचा निष्कर्ष रोज चार किलोमीटर चालून थंड होणाऱ्या गाडीला लावणे म्हणजे ओले सरपण विसरून धूर शोधणे होय. रेल्वेने या बाबतीत कधीच दंडकावर समाधान मानले नाही. तेलाचा नमुना वर्णपटमापकात जाळून त्यातले लोखंड, तांबे, शिसे मोजण्याची पद्धत अमेरिकी रेल्वेने १९४०च्या दशकात सुरू केली आणि आपल्या डिझेल शेडमध्येही ती रुळली. तांबे वाढले तर बेअरिंग, सिलिकॉन वाढले तर धूळ. दहा-पंधरा लिटरची गोष्ट नसते तिथे, शेकडो लिटर तेल असते, म्हणून तपासणे परवडते. चारचाकीत काही कंपन्यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटापासून संगणक बसवला. तो इंजिनाचे फेरे, तापमान, थंडीतल्या सुरुवाती यांचा हिशेब ठेवून तेलाचे उरलेले आयुष्य सांगतो. बहुतेक गाड्यांत तो तेलाला स्पर्शही करत नाही, निव्वळ अनुमान करतो, पण निदान उपाधी मोजून करतो.

आपल्याकडच्या पंचांगात ग्रहण भारतात दिसणार नसेल तर वेधादी नियम पाळू नयेत अशी स्पष्ट सूचना असते. शास्त्रकारांनी निमित्ताला स्वतःच्या आकाशात दिसण्याची अट घातली. तेलाच्या बाबतीत हा विवेक आपण गमावला आहे. अमेरिकेतले ग्रहण इथे पाळतो, आणि इथले पाळायचे राहून जाते. एकाच फोक्सवॅगनच्या युरोपातल्या लाँगलाइफ योजनेत विशिष्ट तेलावर ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत मुभा मिळते, तर भारतात तीच कंपनी १५,००० किंवा एक वर्ष म्हणते. शब्द बदलला कारण धूळ, इंधन, ऊन आणि रस्ता बदलला. मॅन्युअल वाचणाराही बहुधा ठळक तक्त्यातला आकडा बघतो आणि खालची टीप सोडतो: धूळ, छोट्या फेऱ्या, सततची थांबा-निघा वाहतूक, घाटरस्ते, ओढलेला बोजा असेल तर मुदत कमी करा. ती टीप अपवादासाठी लिहिली असावी असे वाटते, पण हिंजवडीच्या कोंडीत किंवा घोडबंदर रोडवर रोज अडकणारी गाडी त्या टिपेतच राहते. ताशी सरासरी ६० किलोमीटरने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे १६७ तास. ताशी १५ ने तेच अंतर म्हणजे ६६७ तास. ओडोमीटर दोघांना एकच आकडा दाखवतो. ट्रॅक्टरवाला शेतकरी या बाबतीत शहरी मोटारवाल्यापेक्षा शहाणा, त्याचे मीटरच तास मोजते आणि तेल तासांवर बदलले जाते.

मग सरळ लवकर बदलून मोकळे का होऊ नये? तेलाला काही हजार लागतात, इंजिनाला लाख. चुकलेच तर स्वस्त बाजूला चुकावे. सतराव्या शतकात पास्कालने ईश्वराबद्दल असाच डाव मांडला होता: मानले आणि नसला तर थोडे जाते, न मानले आणि असला तर सगळे जाते, म्हणून मानावे. या युक्तिवादाची ओढ मोठी आहे आणि तो पूर्ण खोटाही नाही. जुनी गाडी घेतली, आधीच्या मालकाने काय ओतले माहीत नाही, तर पहिले दोन बदल लवकर करणे हा शहाणपणा आहे. तिथे अज्ञान खरे आहे आणि सावधपणा त्याच्या मापाचा आहे. पण सर्वसाधारण नियम म्हणून तो कुठे थांबायचे हे सांगत नाही. १०,००० पेक्षा ५,००० सुरक्षित, तर ५,००० पेक्षा अडीच हजार सुरक्षित, आणि त्याच न्यायाने रोज सकाळी तेल बदलणारा सर्वांत शहाणा. नैयायिक उदयनाचार्यांनी चार्वाकाच्या अमर्याद शंकेला उत्तर देताना म्हटले की शंकेलाही सीमा आहे. शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी तिचा व्याघात, म्हणजे विरोध, होऊ लागला की ती शंका राहत नाही. वेदान्ती श्रीहर्षांनी त्यावर प्रतिटोला हाणला, की शंका उरली नाही तर व्याघात तरी कशाशी? तर्काच्या पातळीवर श्रीहर्ष वरचढ वाटतात, पण गॅरेजच्या पातळीवर उदयनच खरे. पाच हजारांना सिंथेटिक बदलणारा माणूस त्याच गाडीचे टायर गुळगुळीत होईपर्यंत वापरत असेल आणि ब्रेक ऑइल चार-चार वर्षे बदलत नसेल, तर त्याची शंका इंजिनाच्या सुरक्षिततेबद्दलची नसते. ते व्रत असते. दिसणारे फळ मिळत असताना न दिसणारे फळ कल्पू नये, हा मीमांसकांचाच दंडक त्याला लागू आहे.

शिवाय 'थोडेच जाते' हे गृहीतकही तपासायला हवे. जाते ते फक्त मालकाच्या खिशातून नाही. काढलेले तेल, जळके ऑइल, आपल्याकडे सेंट्रिंगच्या फळ्यांना लागते, वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासले जाते, आणि कित्येकदा सरळ गटारात जाते. २०१६च्या नियमांनी ते घातक कचऱ्यात गणले आहे. मनःशांतीसाठी वर्षातून एक जादा बदल म्हणजे दरसाल तीन-चार लिटर घातक कचरा, आणि त्या शांतीची किंमत ज्या ओढ्यात तो उतरतो त्याच्या काठचे लोक मोजतात. उलट बाजूचा दोषही तितकाच खरा आहे. क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये एका जहाजमालकाचे उदाहरण रचले: जहाज जुने, शंका मनात येते, पण इतक्या फेऱ्या झाल्या तशी हीही होईल असे तो मनाला पटवतो आणि अगदी प्रामाणिक विश्वासाने उतारू पाठवतो. क्लिफर्डच्या मते जहाज सुखरूप पोचले तरी तो दोषीच, कारण समोरच्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला हक्क नव्हता. 'सिंथेटिक आहे, वीस हजार आरामात जाईल' म्हणणारा कॅबमालक त्याच जातीचा. गंमत अशी की पाच हजारांवाला आणि वीस हजारांवाला हे दोघे एकमेकांना हसतात. दोघांनीही मॅन्युअलमधली ती टीप वाचलेली नसते.

राहिला कॅलेंडरचा प्रश्न. '१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' यातले वर्ष हा भाग अनेकांना निव्वळ कर्मकांड वाटतो. डब्यात ठेवलेले तेल वर्षभरात खराब होत नाही, मग इंजिनात का व्हावे? उत्तर असे की डब्यातल्या तेलात पाणी आणि पेट्रोल उतरत नाही. कमी चालणारी गाडी बहुधा थोडे-थोडे चालते, आणि वर्ष ही त्या साचणाऱ्या घाणीची ढोबळ खूण आहे. वॉरंटी असेपर्यंत ती खूण करार होऊन बसलेली असते, आणि करार निमित्त न विचारता पाळावा लागतो. इथे मात्र ते खरेच नित्यकर्म, न केल्याचा प्रत्यवाय थेट दाव्याच्या अर्जात दिसतो. वॉरंटी संपली की कंपनीचा स्वार्थ आपल्या बाजूने उभा राहणे थांबते, आणि निर्णय पुन्हा मालकाकडे येतो. महिन्यातून एकदा पुणे-कोल्हापूर जाऊन येणारी, एरवी झाकून ठेवलेली गाडी वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास चालते. दर वेळी ती तासन्‌तास गरम होते, साचलेले उडून जाते, आणि वर्षाच्या नियमामागचे निमित्त तिच्यात फारसे उरत नाही. तिचे योग्य दर्जाचे सिंथेटिक दीड वर्षाने बदलणाऱ्याला मी निष्काळजी म्हणणार नाही. रोज मुलांना शाळेत सोडणारी शेजारची गाडी वर्षाला जेमतेम दोन हजार चालते. तिच्या मालकाला वाटते की आपले तेल अजून नवे आहे, आणि साध्या तेलावर असो की सिंथेटिकवर, सहा महिन्यांनी बदलण्याची गरज असते ती तिलाच.